समुद्रावर दोन रात्री आणि हिराआक्काच्या डोळ्यापुढं पत्रा

आणि वर मलाच सांगतात, नियम आहे म्हणून. कसला नियम? दोन रात्री समुद्रावर राहायचं, चारी बाजूंनी पाणीच पाणी, आणि खुर्चीत बसलेल्या बाईला त्यातलं चमचाभर पाणी दिसू द्यायचं नाही, हा नियम? लग्नाला बोलवायचं आणि मांडवाच्या बाहेर पाठ करून बसवायचं, त्यातली गत. विचारलं तर जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. जहाजवाले म्हणतात, आम्ही फक्त चालवतो. आणि ज्याच्या कामात असली ड्रॉइंगं काढणं येतं, तो आमच्याच घरातला निघाला, तो फोन उचलत नाही.

जरा दमानं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

मी शालन. बारामतीत कॉलेजच्या पोरापोरींची खानावळ चालवते. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळं शुद्धलेखन सून बघते, पण मजकुराला हात लावायचा नाही असं तिला बजावून ठेवलंय. ह्या ब्लॉगवर मागं कोकणाचं आणि गाणगापूरचं लिहिलं, ते वाचून चार जणी तशाच जाऊन आल्या, म्हणून हेही लिहिते. जहाजावर जायचं असेल तर जा. पण घरात कुणी चाकाच्या खुर्चीत बसून असेल, तर आधी हे वाचा.

हिराआक्का माझी थोरली बहीण. भवानीनगरला, साखर कारखान्याच्या गावात दिलेली. मागं गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तो पाय काही परत तिचा झाला नाही. तेव्हापासून चाकाची खुर्ची. साठी ओलांडली तरी तिनं समुद्र बघितलेला नव्हता. उजनीचं पाणी बघितलंय, पण त्याला ती समुद्र म्हणायला तयार नाही. म्हणते, "पलीकडचा काठ दिसतोय की त्याचा."

तिचा पोरगा अमोल पुण्यात एका हापिसात जहाजांची ड्रॉइंगं काढतो. जहाज बनतं परदेशात, पण आत जिना कुठं, खोली केवढी, कठडा किती उंच, हे पुण्यात संगणकावर काढतात. आता म्हणे त्यांना अजून मोठ्या जहाजाचं काम मिळालंय. म्हणून एक जहाज स्वतः फिरून बघायचं होतं, तर म्हणाला, "आईलाबी घेऊन जातो, मावशी. तू चल सोबतीला." सोबतीला म्हणजे काय ते मला कळतं. तरी गेले.

शुक्रवारी अंधारातच भवानीनगरहून आक्काला घेऊन गाडी बारामतीत माझ्या दारात आली. बाईमाणसाला एसटीचं तिकीट अर्धं आहे, पण एसटीच्या पायऱ्या आक्काला कोण चढवणार, म्हणून गाडी. मोरगावला थांबलो. आक्कानं गाडीतूनच गणपतीला हात जोडले, आम्ही मिसळ खाल्ली. बरी होती, पाव कालचा होता. पुढं जेजुरी, सासवड, दिवे घाट. घाटात सकाळी ट्रक कमी असतात, तेव्हा लवकर निघा. पुण्याच्या बाहेर पडेपर्यंत जीव गेला. एक्सप्रेसवेवर मोठ्या हॉटेलात स्वच्छतागृह चकाचक, पण चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी जे वेगळं आहे त्याला कुलूप. किल्लीवाला चहाला गेलेला. त्याला चहाच्या टपरीवरून धरून आणला.

गाडीत अमोलचं एकच चाललेलं, पुढं जहाजं कशी होणार. हौस आहे त्याला, खोटं कशाला बोलू. बोलायला लागला की डोळे चमकतात. म्हणाला, आत्ताच वीस-वीस मजल्यांची आहेत, पुढं त्याहून उंच येतील. मधोमध बाग असेल, खऱ्या झाडांची. धूर न काढणारी असतील, काहींवर परत शिडं बसवतील. कुणी म्हणतं, कड्यासारखं गोल जहाज येईल, मधे तळं, त्यात बारक्या होड्या. लोक घर विकून कायमचे जहाजावरच राहायला जातील.

"आणि माणसं किती मावतील एकात?" मी विचारलं.

"दहा हजार. जास्तच."

"म्हंजे अख्खं भवानीनगर."

"त्याच्याबी पुढं, मावशी."

"मग उलटंल की. उसाची ट्रॉली उलटती ती कशानं? वरनं जड झाली म्हणून. वीस मजल्यावर बाग करायची म्हंजे माती, झाडं, पाणी. समदं वरनंच जड."

तो हसला. मग त्यानं समजावलं की इंजिन, तेल, पाण्याच्या टाक्या सगळं जड ते तळाला ठेवतात, वरचे मजले हलक्या पत्र्याचे, आणि बूड रुंद असतं. हे मला पटलं. जे पटलं ते पटलं म्हणते मी.

"आणि एवढं मोठं बंदरात शिरंल का?"

"न्हाय शिरायचं. लांब थांबंल, आणि बारक्या होड्यांनी माणसं काठाला."

आक्का मागच्या सीटवरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे मला दोनदा उचलायचं. एकदा जहाजात, एकदा होडीत."

अमोलनं गाणी लावली.

मला त्याच्या बोलण्यात एक गोष्ट तेव्हापासून खुपत होती. आम्ही दोघी बहिणी इंदापूरच्या अंगाला, कालव्याच्या टेलच्या गावात वाढलो. टेल म्हणजे शेवट. कालवा सुटला की हेडवाल्यांची, म्हणजे कालव्याच्या तोंडाकडच्यांची रानं तुडुंब, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर चिखल आणि बेडकं. एक गोष्ट रक्तात बसलीय, जेवढा कालवा लांब तेवढं टेल कोरडं. दहा हजार माणसांचं जहाज म्हणजे दहा हजार माणसांचा कालवा. त्यात कुणीतरी टेलला असणारच. ड्रॉइंग काढणारानं तिथं कोण बसणार हे बघितलंय का, एवढंच मला म्हणायचं होतं. पण गाणी चालू होती.

मुंबईत बंदरावर दुपारच्या आधी पोचा. सामान मशिनीतून जातं. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा भाकरी-चटणी गाडीतच संपवा. जहाजाच्या भाड्याचं मी सांगत नाही, आठवड्याला बदलतं, तुमचं तुम्ही बघा. गाडी लावायची सोय आधी विचारून ठेवा, आम्हाला दोन वेळा हाकललं.

जहाज बघून आक्का म्हणाली, "ही तर कारखान्याची चाळ उभी केलीया पाण्यात." बरोबर बोलली. पांढऱ्या भिंतीला ओळीनं खिडक्या, कुठं कुठं वाळत घातलेला टॉवेल. आत मात्र झुंबरं, गालिचे, आणि सगळीकडं एसीची थंडी. स्वेटर न्या.

अमोलनं आईसाठी मुद्दाम बाल्कनीची खोली घेतली होती. खोली बरी. बाल्कनीचं दार उघडलं, वारा आला, आक्काचं तोंड फुललं, आणि खुर्ची खाड्कन थांबली. दाराला वीतभर उंबरा. लोखंडी.

"हे कशाला?" मी.

"पाणी आत येऊ ने म्हणून, मावशी. समुद्र खवळला तर."

हेही पटलं. पाणी आत यायला नको. पण माणूस बाहेर जायला नको का?

आमच्या मजल्यावर रेश्मा नावाची पोरगी होती, खोल्या बघणारी. अलिबागकडची, तुरूतुरू चालणारी, कामाची. ती म्हणाली, "आजींच्या खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्यावर चढवू या का? अर्धी आत, अर्धी बाहेर. मी मागून धरते."

आक्कानं मान हलवली. "उंबऱ्यावर बसत्यात व्हय, बाळ? घराला बरं नसतं."

"आजी, हे घर नाही, जहाज आहे."

"मग तर अजिबात न्हाय. बुडालं म्हंजे?"

अमोल म्हणाला, "आई, असं काय नसतं."

"तुझं पोट जहाजावर हाय, उगं अपशकून कशाला. मी न्हाय बसायची उंबऱ्यावर."

मी तिला समजावायला गेले नाही. माझ्या खानावळीतसुद्धा पोरगं उंबऱ्यावर ताट घेऊन बसलं की मी उठवते. शेवटी अमोलनं आईला उचललं आणि बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन ठेवलं. तिची खुर्ची तिथं मावत नव्हतीच. आम्ही बाजूला झालो. आक्कानं पदर सारखा केला, समोर बघितलं.

समोर पत्रा. कठडा खालून वरपर्यंत भरीव पत्र्याचा, माझ्या छातीएवढा. मला उभ्यानं समुद्र दिसत होता, लांबपर्यंत. तिला पत्रा.

"रंग चांगला दिलाय," आक्का म्हणाली.

आम्ही दोघांनी धरून तिला उभं केलं. पण उभं केलं की तिचा पाय भार घेत नाही आणि पडायच्या भीतीनं ती डोळे गच्च मिटून घेते. डोळे मिटून समुद्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बसवा."

शनिवारी सकाळी वरच्या उघड्या मजल्यावर गेलो. तिथं एका बाजूला हाच पत्रा. दुसऱ्या बाजूला काच होती, पण काचेकडं जायला तीन पायऱ्या, आणि काचेला लागून पोहायच्या तलावाच्या आडव्या खुर्च्या, त्यावर टॉवेल टाकून जागा धरलेल्या. टॉवेलाचा मालक कुठं दिसत नाही. एक टॉवेल मी उचलला तर कुठूनतरी एक चष्मेवाला गृहस्थ धावत आला. त्याच्याशी माझं जे बोलणं झालं ते सूनबाई इथं लिहू देणार नाही.

दिवसभर अमोल फीत घेऊन जिने मोजत फिरला. अधूनमधून यायचा, आईला आभाळ दाखवायचा. "आई, बघ किती मोकळं." आक्का म्हणाली, "आभाळ हाय की भवानीनगरला." मग त्यानं सांगितलं की पुढच्या जहाजांत आतल्या खोल्यांना खिडकीच नसेल. खिडकीच्या जागी भिंतीएवढा पडदा, त्यावर बाहेरचा समुद्र चालू दिसणार. लाटांचा आवाजसुद्धा.

"टीव्हीवर समुद्र बघायला मुंबईला कशाला यायचं?" मी म्हणाले.

"पण खरंच बाहेरचा समुद्र असतो तो, मावशी. त्याच वेळचा."

"मग माझ्या ताटाचा फोटो बघूनच पोट भर, जेवायला येऊ नको खानावळीत."

आता जेवणाचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. जेवणाच्या दालनात संध्याकाळी दोन पंगती असतात, एक लवकरची, एक उशिराची. शुक्रवारी विचारलं, कुठली पाहिजे? मी टेलच्या गावची. दोन पाळ्या म्हटल्यावर माझ्या डोक्यात पाण्याची पाळीच आली. दुसऱ्या पाळीला काय उरतं ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणाले, पहिली. रेश्माची त्या वेळी तिथंही ड्यूटी असायची. ती म्हणाली, "मागे शेवटाला जागा मोकळी आहे, निवांत बसाल."

"शेवटाला न्हाय. पुढं, जिथनं ताटं बाहेर येत्यात तिथं."

"मावशी, मागे बरं आहे पण."

"पोरी, शेवटाला काय येतं ते मला नको शिकवू. हेडला बसव."

बसवलं. झुंबराच्या खाली, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. ताटं गरम आली, सगळ्यात आधी आली, आमच्याएवढं गरम कुणालाच मिळालं नाही. डाळ पांचट होती, पण गरम. शुक्रवारी रात्री, शनिवारी तिन्ही वेळा आम्ही हेडला बसलो आणि मी खूश होते.

रविवारी सकाळी उतरायचं म्हणून जो तो सामान घेऊन लिफ्टमध्ये. चाकाच्या खुर्चीला कुणी जागा देईना. दहा हजारांच्या जहाजात लिफ्टचं काय होणार ह्याचा विचार करा. आम्ही नाश्त्याला पोचेपर्यंत पुढची टेबलं आवरून चादरी काढल्या होत्या. रेश्मा म्हणाली, "आता शेवटालाच बसावं लागेल." माझं तोंड कडू झालं. ती आक्काची खुर्ची ढकलत मागे मागे घेऊन गेली, जहाजाच्या शेपटाकडं, खांब ओलांडून.

तिथं सगळी भिंत काचेची होती. वरपासून थेट जमिनीपर्यंत. ना कठडा, ना पत्रा.

आक्काची खुर्ची काचेला लावली. खाली पाणी, समोर पाणी. जहाज पुढं जात होतं आणि मागं पाण्यात पांढरा पट्टा पडत होता, लांब, सरळ, आणि खूप लांब जाऊन मिटत होता. चहा आला, गार झाला. तिच्या हाताखाली खुर्चीचा दांडा होता, तो तिनं धरलेला सोडला.

"शाले," ती म्हणाली, "सरी पाडलीया बघ पाण्यात. उसाला पाडत्यात तशी."

"व्हय."

"सरळ हाय. चालवणारा बरा दिसतोय." मग जरा वेळानं, "पलीकडचा काठ न्हाय ह्याला."

अमोल माझ्या मागं येऊन उभा राहिला होता. मी वळून बघितलं तर त्याच्या हातात फीत होती आणि तो मोजत नव्हता.

रेश्मा मला म्हणाली, "सांगत होते मी शुक्रवारी." म्हणाली ते खरं आहे. चूक माझी, मी हेड हेड करत बसले. पण जहाजावरच्या एवढ्या माणसांत बसून समुद्र दिसेल अशी आमच्या बघण्यात एकच जागा निघावी, आणि तीही शेवटाला, आणि कुठं एक पाटी असू नये, ही चूक माझी नाही.

मुंबईहून येताना गाडीत मी अमोलला पकडला. पळायला जागा नव्हती, एक्सप्रेसवेवर तासभर गाडी अडकलेली.

"कठडा किती उंच पाहिजे ह्याचा कायदा हाय ना?"

"हाय."

"पत्र्याचाच पाहिजे असा कायदा हाय?"

त्यानं मागं वळून आईकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हाय. काच चालती, गज चालत्यात. पत्रा स्वस्त पडतो, आणि हलका."

"उंबऱ्याला दोन्ही अंगानं उतार केला तर पाणी आत येतं?"

"न्हाय येत. पण जागा जाती. एकेका खोलीत हातभर जागा, असं हजार खोल्यांत करायचं म्हंजे..."

"आणि तुमच्या नव्या जहाजाच्या शेपटाला काय हाय? जेवणाचं दालन?"

"न्हाय. तितं नाट्यगृह येणार. जेवण मधल्या मजल्यावर."

"खिडक्या?"

"पडदे. ते काल सांगितलं तसले. माझ्या हातात न्हाय, मावशी, आणि हा सोडून पुढच्या शुक्रवारी ड्रॉइंग पुढं जातंय."

म्हणजे होती ती एक जागाही गेली. मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आक्का बोलली. आम्हाला वाटलं होतं ती झोपलीय.

"अमोल, तुझं जहाज झालं की त्यावर नेशील ना रं मला?"

"नेतो की, आई."

"मला एकदाच पुरंल. पण तुझ्या जहाजातनं बघायचाय समुद्र."

आता घरी येऊन आठवडा होत आला. मला काय राहिलं म्हणाल, तर पाय दुखतात आणि डाळीची चव अजून जिभेवर आहे, म्हणजे नाहीच आहे. माझ्या खानावळीत मी एक टेबल खिडकीपाशी सरकवलं आणि त्याचा पुढचा बाक काढून टाकला, चाकाची खुर्ची नीट शिरावी म्हणून. एक दिवस लागला. तुम्हाला जायचं असेल तर जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या आधी शेपटाकडं जाऊन खिडक्या बघा, मग पंगत निवडा. उंबऱ्याचं, कठड्याचं फोनवर विचारा, फोटो मागा. "सगळी सोय आहे" असं म्हणाले तर समजा की विचारलंय ते त्यांना कळलेलंच नाही.

आक्काचं म्हणाल, तर ती भवानीनगरला दारात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की लेकाचं जहाज होतंय, त्यावर जाणार आहे. शेजारच्या तात्यांनी परवा तिला विचारलं, "वहिनी, लई मोठं हाय म्हणं?" ती म्हणाली, "मोठं असू द्या न्हायतर बारकं. मला बसल्या जाग्यावरनं दिसतंय का, त्यावर हाय समदं. पोरगा करंल." पोरगा करंल. हे ती रोज म्हणते, आणि मला फोन करून मलाही म्हणते. तिला खरं कोण सांगणार, अमोल की मी?

अमोल, सोमवारपासून तुला फोन करतीय. तू "मीटिंगमध्ये आहे" एवढंच लिहून पाठवतोस. तुझ्या हापिसातली पोरं हा ब्लॉग वाचतात हे तूच मला सांगितलं होतंस, म्हणून इथं लिहिते. तुझ्या हातात नाही म्हणालास, मान्य. मग कुणाच्या हातात आहे त्याचं नाव सांग, मी त्याच्याशी बोलते, मला लाज नाही. सगळं जहाज बदल असं मी म्हणत नाही. दहा हजारांचं काढ, वीस हजारांचं काढ, मधे बाग लाव, शिडं लाव. पण प्रत्येक मजल्यावर एक जागा अशी ठेव, जिथं पत्रा नाही, पायरी नाही, पडदा नाही, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्याला खरं पाणी लागतं. ड्रॉइंग येत्या शुक्रवारी पुढं जाणार असं तूच गाडीत म्हणालास. पुढं गेलं की लोखंड कापतात, मग देव आला तरी बदलत नाही. तेव्हा गुरुवारी संध्याकाळच्या आत मला कळव, ती जागा ड्रॉइंगात आहे का नाही. नसेल तर आईला तू स्वतः येऊन सांग, मी सांगणार नाही.